वैऱ्यासाठी प्रार्थना करायची का? महायुद्धं आणि इंग्लंडमधलं चर्च

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत, बाकी मजकूर तसाच आहे.)



आज आपण सुरुवात करणार आहोत कॉन्स्टन्स या गावापासून. जर्मनीच्या अगदी दक्षिण टोकाला, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून, मोठ्या सरोवराच्या काठावर वसलेलं हे गाव. ऑगस्ट १९१४ च्या पहिल्या आठवड्यात तिथं एक परिषद भरणार होती. युरोप आणि अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चचे प्रतिनिधी येणार होते आणि चर्चा कशावर, तर देशादेशांत शांतता टिकावी म्हणून चर्चने काय करावं यावर. यामागे पैसा होता पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी चर्चच्या शांतताकार्यासाठी २० लाख डॉलर दिले होते. कॅथलिकांची वेगळी परिषद १० ऑगस्टला बेल्जियममधल्या लिएज शहरात ठरली होती.

आता तारखा बघा. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. ३ ला फ्रान्सविरुद्ध. ४ ला ब्रिटन युद्धात उतरलं आणि ५ तारखेला जर्मन फौजा लिएजच्या किल्ल्यांवर चालून गेल्या. म्हणजे जिथं शांततेची परिषद व्हायची होती, तिथं पहिल्या महायुद्धाची पश्चिमेकडची पहिली मोठी लढाई झाली. कॉन्स्टन्सला अनेक प्रतिनिधी पोचलेच नाहीत. जे पोचले, त्यांनी घाईघाईत बैठक उरकली आणि सीमा बंद व्हायच्या आत ते निघाले.

त्या परतीच्या प्रवासातला एक प्रसंग शांततावादी चळवळीत आजही सांगितला जातो. कोलोन स्टेशनवर दोन माणसं एकमेकांचा निरोप घेत होती. एक हेन्री हॉजकिन, इंग्रज, क्वेकर पंथाचे, चीनमध्ये डॉक्टर म्हणून काम केलेले मिशनरी. दुसरे फ्रिडरिख सिग्मुंड-शुल्त्स, जर्मन, लुथरन पाळक. दोघांनी हातात हात घेऊन ठरवलं, की आपले देश काहीही करोत, आपल्या दोघांत युद्ध नाही. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस केंब्रिजला सव्वाशे-दीडशे माणसं जमली आणि 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' नावाची संस्था उभी राहिली. ती आजही आहे.

पण हे झालं मूठभरांचं. बाकीच्या चर्चचं काय झालं? जुलैपर्यंत शांततेच्या परिषदा ठरवणारी माणसं ऑगस्टनंतर कुठं गेली? आणि युद्ध संपल्यावर पुन्हा कुठं आली? आजचा भाग याच प्रश्नावर आहे. पसारा फार मोठा आहे, म्हणून आपण मुख्यतः इंग्लंड धरून चालू.

आधी थोडी पार्श्वभूमी

ख्रिस्ती धर्माच्या मुळाशी वैऱ्यावर प्रीती करा, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, ही शिकवण आहे. पहिल्या काही शतकांतल्या अनेक ख्रिस्ती लेखकांनी ती शब्दशः घेतली होती. चौथ्या शतकात रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्माला आधी मान्यता दिली, मग तो राजधर्मच केला. आता राज्य आपलं म्हटल्यावर राज्याच्या लढायाही आपल्या झाल्या. मग संत ऑगस्टीन आणि पुढे थॉमस अक्वायनस यांनी 'न्याय्य युद्धा'ची मांडणी केली. युद्ध वाईटच, पण कारण न्याय्य असेल, हेतू शुद्ध असेल, अधिकार असलेल्याने पुकारलं असेल, तर ख्रिस्ती माणूस त्यात उतरू शकतो. आपल्याकडच्या धर्मयुद्धाच्या चर्चेची आठवण येईल, पण दोन्ही कल्पना तंतोतंत एक नाहीत. इथं मुद्दा युद्धावर अटी घालण्याचा आहे.

चर्च ऑफ इंग्लंडची जी ३९ कलमं आहेत, त्यातलं ३७ वं कलम स्पष्टच सांगतं, की शासनाच्या आज्ञेवरून ख्रिस्ती माणसाने शस्त्र धारण करणं वैध आहे. म्हणजे १९१४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने शांततावाद सोडला, असं म्हणता येत नाही. तो त्यांच्याकडे अधिकृतपणे कधी नव्हताच. शांततावाद होता तो छोट्या पंथांकडे. मेनोनाइट, ब्रदरन आणि क्वेकर. क्वेकरांनी तर १६६० मध्येच राजा दुसऱ्या चार्ल्सला लेखी कळवलं होतं, की आम्ही कुठल्याही कारणासाठी शस्त्र उचलणार नाही.

हे दोन प्रवाह लक्षात ठेवा. एक मोठं, राज्याशी बांधलेलं चर्च. दुसरे छोटे, शांततेला बांधलेले पंथ. युद्धाने दोघांनाही हलवलं.

१९१४: प्रवचनपीठावरून भरती

ब्रिटनमधल्या बहुतेक धर्मगुरूंना या युद्धात नैतिक बाजू कोणती हे ठरवायला वेळ लागला नाही, आणि त्याचं कारण होतं बेल्जियम. तटस्थ राहण्याची हमी मिळालेला एक छोटा देश, आणि त्याच्यावर शेजारचा बलाढ्य देश चालून जातो. गावं जाळली जातात, नागरिकांना गोळ्या घातल्या जातात. यातल्या काही बातम्या फुगवलेल्या होत्या, पण सगळ्या खोट्या नव्हत्या. न्याय्य युद्धाच्या अटी एकेक करून पूर्ण होताना दिसत होत्या.

मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे मुक्त चर्चवाल्यांचं वळण जास्त ठळक आहे. सरकारपासून अंतर राखून असलेले हे लोक. बोअर युद्धाच्या वेळी त्यांच्यातल्या अनेकांनी सरकारवर कडाडून टीका केली होती. तेव्हा त्यांचा लाडका नेता होता बोअर युद्धाचा विरोधक लॉइड जॉर्ज. नोव्हेंबर १९१४ मध्ये लंडनच्या सिटी टेंपल या प्रसिद्ध प्रार्थनागृहात मुक्त चर्चवाल्यांची मोठी सभा झाली, आणि तोच लॉइड जॉर्ज तिथं युद्धाच्या बाजूने बोलायला उभा होता.

लंडनचे बिशप होते विनिंग्टन-इनग्रॅम. गरीब वस्तीत काम केलेले, लोकप्रिय, प्रेमळ गृहस्थ म्हणून ओळखले जाणारे. १९१५ च्या त्यांच्या एका प्रवचनाशिवाय या विषयावरचं एकही पुस्तक पुरं होत नाही. त्यात त्यांनी या युद्धाला मोठी धर्ममोहीम म्हटलं. तिचं वर्णन जर्मनांना ठार मारण्याची मोहीम असंच केलं. मारण्यासाठी मारणं नव्हे, तर जग वाचवण्यासाठी. आणि मारायचं ते चांगल्या-वाईटाचा, तरुण-म्हाताऱ्याचा भेद न करता. ते युद्धाची शोकांतिका सांगत होते, वाक्य संदर्भ सोडून वाचू नये, असं त्यांचे समर्थक म्हणतात. संदर्भासकट वाचलं तरी ते अंगावर येतं.

तिकडे जर्मनीतही हेच, आरशात बघावं तसं. जर्मन शिपायाच्या पट्ट्याच्या बकलवर 'देव आपल्यासोबत' असं कोरलेलं असायचं. ऑक्टोबर १९१४ मध्ये ९३ जर्मन विद्वानांनी आपल्या सरकारची बाजू घेणारं पत्रक काढलं. त्यावर आडोल्फ फॉन हार्नाक यांची सही होती. त्या काळातले जगातले सगळ्यात नावाजलेले धर्मशास्त्रज्ञ! त्यांचा एक जुना विद्यार्थी, कार्ल बार्ट, तेव्हा स्वित्झर्लंडच्या एका गावात पाळक होता. आपल्या गुरूंची नावं युद्धाच्या समर्थकांत बघून त्याचा त्यांच्या धर्मशास्त्रावरचाच विश्वास उडाला. पुढे विसाव्या शतकातलं प्रोटेस्टंट धर्मशास्त्र ज्याने वळवलं, तो हाच बार्ट.

रोममध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट तटस्थ होते. १ ऑगस्ट १९१७ ला त्यांनी लढणाऱ्या सगळ्या देशांना तहाचा प्रस्ताव पाठवला. दोन्ही बाजूंना ते दुसऱ्या बाजूचे वाटले. प्रस्तावाचं काहीच झालं नाही.

बाकांवर कोण बसलंय?

आता सगळे धर्मगुरू ढोंगी होते, सरकारचे भाट होते, असं म्हणून विषय संपवता येईल. पण मला ते पटत नाही. मराठी ख्रिस्ती लोकांच्या भाषेत चर्चला 'मंडळी' म्हणतात. फार नेमका शब्द आहे. चर्च म्हणजे दगडविटांची इमारत नाही, बाकांवर बसलेली माणसं. १९१६ च्या एखाद्या रविवारी इंग्लंडमधल्या कुठल्याही गावात त्या बाकांवर कोण होतं? ज्यांची मुलं फ्रान्समध्ये होती अशा आया. ज्यांना तार येऊन गेली होती असे बाप. पाळकाने त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं का, की तुमचा मुलगा ज्यासाठी मेला ते पाप होतं?

बाकांवरच्या या दुःखापुढे चर्चला आपले जुने नियमही बदलावे लागले. प्रोटेस्टंट परंपरेत मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं बसत नाही. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये हा कॅथलिक प्रकार समजला जायचा, त्यावरून भांडणं व्हायची. पण लाखो तरुण मेले, कित्येकांचं थडगंही सापडेना. आयांना प्रार्थना हवी होती. १९१७ मध्ये चर्चच्या अधिकृत प्रार्थनांमध्ये मृतांसाठीची प्रार्थना आली. शेकडो वर्षांचा धर्मशास्त्रीय वाद तीन वर्षांच्या युद्धाने बाजूला सारला.

म्हणून चर्चला युद्धात ओढणारा दोर फक्त राजवाड्यातून येत नव्हता. तो बाकांवरूनही येत होता, आणि तोच जास्त मजबूत होता.

कँटरबरीचे आर्चबिशप रँडल डेव्हिडसन हे या ओढाताणीचं चांगलं उदाहरण. युद्ध न्याय्य आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण ब्रिटनने विषारी वायू वापरू नये, असं त्यांनी पंतप्रधानांना लिहिलं. लंडनवरच्या हवाई हल्ल्यांचा सूड म्हणून जर्मन नागरिकांवर बाँब टाकण्यालाही त्यांनी विरोध केला. त्यांना शिव्याशापांनी भरलेली पत्रं आली. त्यांच्या हाताखाली त्या काळात एक तरुण पाद्री काम करत होता, जॉर्ज बेल. हे नाव लक्षात ठेवा, तीस वर्षांनी आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

ज्यांनी नाही म्हटलं

जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. १८ ते ४१ वयाचे अविवाहित पुरुष, आणि काही महिन्यांत विवाहितही. कायद्यात एक कलम होतं: ज्याची सदसद्विवेकबुद्धी लढण्याला नकार देते, त्याला सूट मागता येईल. हे कलम यावं म्हणून एडमंड हार्वी आणि अर्नोल्ड राउंट्री या दोन क्वेकर खासदारांनी धडपड केली होती. त्याच कायद्याने पाद्र्यांना सरसकट सूट दिली. म्हणजे प्रवचनपीठावरून लढायला जा म्हणणाऱ्याला स्वतःला जावं लागत नव्हतं. हे लोकांच्या लक्षात आल्याशिवाय कसं राहील?

सुमारे १६,००० जणांनी सूट मागितली. गावोगावच्या न्यायाधिकरणांपुढे त्यांना उभं केलं जाई आणि सैन्याचा प्रतिनिधी उलटतपासणी घेई. ठरलेला प्रश्न असायचा: तुझ्या आईवर जर्मन शिपाई चालून आला तर काय करशील? सहा हजारांवर लोक कधी ना कधी तुरुंगात गेले. सत्तरच्या वर माणसं तुरुंगात किंवा तिथल्या हालांमुळे मेली.

यॉर्कशरमधल्या रिचमंडच्या किल्ल्यात अशा सोळा जणांना कोंडलं होतं. त्यात क्वेकर होते, मेथडिस्ट होते, बायबल स्टुडंट पंथाचे होते, समाजवादीही होते. कोठडीच्या भिंतींवर त्यांनी आणि नंतरच्या कैद्यांनी पेन्सिलीने लिहिलेला मजकूर अजून टिकून आहे. मे १९१६ मध्ये त्यांना फ्रान्सला नेलं. कारण उघड होतं. आघाडीवर हुकूम मोडला तर शिक्षा मृत्युदंडाची. जूनमध्ये अशा सुमारे ३५ जणांना सैनिकांच्या रांगांसमोर उभं करून शिक्षा वाचून दाखवली: गोळ्या घालून मृत्यू. वाचणारा अधिकारी थांबला. मग पुढचं वाक्य आलं, शिक्षा बदलून दहा वर्षांची सक्तमजुरी. या दोन वाक्यांच्या मधल्या काही क्षणांत त्या पोरांना काय वाटलं असेल? युद्धानंतरही नकार देणाऱ्या अनेकांचा मताचा अधिकार पाच वर्षांसाठी काढून घेतला गेला.

आणि क्वेकरांचं काय? अडीचशे वर्षांची शांततेची परंपरा असलेल्या या पंथातल्या लढण्याच्या वयाच्या पुरुषांपैकी जवळपास एक तृतीयांश सैन्यात गेले. काही जण 'फ्रेंड्स अँब्युलन्स युनिट'मधून जखमींना आणायला गेले. काहींना तेही मान्य नव्हतं. जखमी शिपाई बरा करून परत लढायला पाठवणं म्हणजे युद्धालाच मदत, असं ते म्हणायचे. म्हणजे शांततावादी पंथही युद्धात एकसंध राहिला नाही. पण लढायला गेलेल्या बहुतेकांना त्यांनी वाळीतही टाकलं नाही.

पश्चात्तापाची वीस वर्षं

१९१९ मध्ये युद्ध संपलं होतं, पण जर्मनीत उपासमार होती. क्वेकरांनी तिथं मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली. अमेरिकन क्वेकरांची ही योजना एका टप्प्यावर रोज सुमारे १० लाख जर्मन मुलांना जेवू घालत होती. पुढे १९४७ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या क्वेकर संस्थांना शांततेचं नोबेल मिळालं.

मोठ्या चर्चचं मन बदललं ते खंदकातून परत आलेल्या पाद्र्यांमुळे. जॉफ्री स्टडर्ट केनेडी हे त्यातलं लाडकं नाव. शिपायांना वुडबाइन सिगारेटी वाटत हिंडायचे, म्हणून त्यांना 'वुडबाइन विली' म्हणत. मेसिन्सच्या लढाईत जखमींना वाचवल्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळालेला हा माणूस युद्धानंतर युद्धाचा कट्टर विरोधक झाला.

१९३० साली जगभरातले अँग्लिकन बिशप लँबेथ परिषदेसाठी लंडनला जमले आणि त्यांनी ठराव केला: आंतरराष्ट्रीय तंटे सोडवायचं साधन म्हणून युद्ध हे येशू ख्रिस्ताच्या शिकवणीशी आणि उदाहरणाशी विसंगत आहे. ३७ वं कलम कुठं, आणि हे कुठं!

ऑक्टोबर १९३४ मध्ये डिक शेपर्ड या पाद्र्यांनी वर्तमानपत्रांत एक पत्र छापलं. मी युद्धाचा त्याग करतो आणि दुसऱ्या युद्धाला कधीही पाठिंबा देणार नाही, हे ज्यांना मान्य असेल त्यांनी मला एक पोस्टकार्ड टाकावं. शेपर्ड स्वतः १९१४ मध्ये काही महिने फ्रान्समधल्या लष्करी इस्पितळात राहून आले होते. टपालाचा ढीग लागला. त्यातून 'पीस प्लेज युनियन' निघाली आणि तिची सभासदसंख्या एक लाखाच्या वर गेली. मॉड रॉयडन या त्या काळातल्या गाजलेल्या प्रवचनकार. स्त्रियांना प्रवचनपीठावर उभं राहू देत नसत, तेव्हा त्या उभ्या राहिल्या. त्यांनी शेपर्ड यांच्यासोबत १९३२ मध्ये एक कल्पना मांडली: शांघायमध्ये जपानी आणि चिनी सैन्याच्या मधोमध निःशस्त्र माणसांची 'शांतिसेना' उभी करायची. सेना गेली नाही, पण शेकडो लोकांनी नावं दिली.

या सगळ्यामागे एक भारतीय माणूस होता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. गांधीजी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा लंडनच्या पूर्व भागातल्या किंग्जली हॉलमध्ये उतरले. ती जागा चालवणाऱ्या म्युरियल लेस्टर फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशनच्याच कार्यकर्त्या. आणि १९३४ मध्ये एका तरुण जर्मन पाळकाने गांधीजींकडे येऊन राहायची इच्छा धरली. त्याचं नाव डीट्रिख बॉनहॉफर. हिटलरला चर्चने कसं तोंड द्यावं, हे त्याला गांधीजींकडून शिकायचं होतं. त्याच्यासाठी गांधीजींना ओळखपत्र लिहिलं जॉर्ज बेल यांनी. बेल आता चिचेस्टरचे बिशप झाले होते. त्या सुमारास गांधीजींनी मुक्काम वर्ध्याला हलवला होता. त्यांनी बॉनहॉफरला खुशाल या म्हणून कळवलं. तो आला नाही. जर्मनीतल्या कामाने त्याला ओढून घेतलं. वर्ध्यात राहून गेलेला बॉनहॉफर पुढे कोणत्या वाटेने गेला असता, हा विचार मनात येतोच.

पुन्हा १९३९

हिटलरपुढे शांततावाद्यांची खरी परीक्षा झाली. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ राइनहोल्ड नीबुर एकेकाळी फेलोशिपच्या अमेरिकन शाखेचे अध्यक्ष होते. १९३४ मध्ये ते बाहेर पडले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रेम हा व्यक्तीचा धर्म आहे, पण समाजासमाजांत न्याय टिकवायला बळ लागतं. जुलमासमोर हात वर करणं म्हणजे प्रेम नव्हे. शांघायला निघालेल्या मॉड रॉयडन यांनीही दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर शांततावाद सोडला. आणि बॉनहॉफर हिटलरच्या हत्येच्या कटात सामील असलेल्यांबरोबर गेला. ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनबर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली.

यांना संधिसाधू म्हणणं सोपं नाही. ज्यू लोकांवर काय गुदरतंय हे दिसत असताना माझे हात स्वच्छ आहेत म्हणणं, हेही एक प्रकारचं पाप असू शकतं, असं त्यांना वाटलं. शांततावादावरचा हा सगळ्यात जड आक्षेप आहे. त्याचं पुरं उत्तर शांततावाद्यांकडे तेव्हा नव्हतं.

म्हणजे चर्च पुन्हा राष्ट्राच्या बाजूने उभं राहिलं. मग मधल्या वीस वर्षांचा उपयोग काय झाला? इथं मला वाटतं आपण चुकीच्या जागी बघतो. लढावं की लढू नये, या प्रश्नाचं उत्तर दोन्ही वेळा तेच आलं. पण शत्रूबद्दल काय बोलायचं आणि नाही म्हणणाऱ्याशी कसं वागायचं, ही दोन उत्तरं बदलली.

नाही म्हणणारे या वेळी सुमारे ६०,००० होते. त्यांच्यासाठीच्या न्यायाधिकरणांत आता उलटतपासणी घ्यायला सैन्याचा प्रतिनिधी नव्हता. तुरुंगात जाणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या युद्धापेक्षा खूपच कमी झालं. आर्चबिशप विल्यम टेंपल स्वतः शांततावादी नव्हते. पण शांततावाद्यांच्या विवेकाचा मान राखला पाहिजे, असं ते सांगत राहिले. युद्ध ही पवित्र मोहीम आहे, हा सूर त्यांनी लावला नाही.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री शहर भाजून काढलं. मध्ययुगीन कॅथीड्रल जळून नुसत्या भिंती उरल्या. तिथले प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी त्याच नाताळच्या दिवशी बीबीसीवरून बोलताना सूड नको असं सांगितलं. पुढे त्या पडक्या भिंतीवर त्यांनी देवाकडे क्षमा मागणारे दोनच शब्द कोरून घेतले. येशूने क्रुसावरून 'त्यांना' क्षमा कर म्हटलं होतं. हॉवर्ड यांनी 'त्यांना' हा शब्द मुद्दाम ठेवला नाही, कारण क्षमेची गरज आपल्यालाही आहे. १९१५ च्या त्या प्रवचनाशेजारी हे ठेवून बघा.

९ फेब्रुवारी १९४४

आता जॉर्ज बेल. युद्ध सुरू झालं तेव्हाच त्यांनी लिहून ठेवलं होतं, की चर्च हे राज्याचं धार्मिक खातं नव्हे. बेल शांततावादी नव्हते, हिटलरचा पराभव व्हायलाच हवा असं मानत होते. १९४२ मध्ये ते स्वीडनला गेले असताना बॉनहॉफर त्यांना तिथं भेटला आणि हिटलरविरुद्धच्या कटाची माहिती दिली. बेल यांनी ती परराष्ट्रमंत्री ईडन यांच्यापर्यंत पोचवली. सरकारने दखल घेतली नाही.

पण त्यामुळे बेल यांच्यासाठी जर्मनी म्हणजे फक्त हिटलर उरला नव्हता. त्यांना तिथली माणसं माहीत होती, नावानिशी. जुलै १९४३ मध्ये हँबर्ग जळलं. बर्लिनवर रात्रीमागून रात्री बाँब पडत होते. आता लक्ष्य कारखाने नव्हते, अख्खी शहरं होती. ९ फेब्रुवारी १९४४ ला बेल हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, लष्करी ठिकाणांऐवजी सबंध शहर जाळणं कुठल्या न्यायात बसतं? आपण ज्या मूल्यांसाठी लढतोय म्हणतो, त्यांचं काय?

हे बोलणं सोपं नव्हतं. लंडनवर तेव्हाही बाँब पडत होते. बाँबर विमानांतली ब्रिटिश पोरं रोज मरत होती आणि त्यांच्या आया बाकांवर बसत होत्या, बेल यांच्या स्वतःच्या चर्चमध्येसुद्धा. वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपलं. वर्षअखेरीस आर्चबिशप टेंपल वारले आणि कँटरबरीची जागा रिकामी झाली. ती जेफ्री फिशर यांना मिळाली. त्या भाषणाने बेल यांची संधी घालवली असं अनेक इतिहासकार मानतात.

गंमत बघा, बेल यांचा युक्तिवाद शांततावादाचा नव्हताच. तो न्याय्य युद्धाच्या जुन्या अटींचा होता. १९१४ मध्ये युद्धात उतरायला ज्या मांडणीने परवाना दिला, त्याच मांडणीचा त्यांनी लगाम म्हणून वापर केला. डेव्हिडसन यांच्याकडून शिकलेलं त्यांच्या कामी आलं असणार.

मोजायचं कशावर?

शेवटचा प्रसंग. २६ जुलै १९८२. फॉकलंड बेटांची लढाई ब्रिटनने जिंकली होती. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये उपासना होती, राणी आणि पंतप्रधान थॅचर हजर. प्रवचनाला उभे राहिले आर्चबिशप रॉबर्ट रन्सी. दुसऱ्या महायुद्धात ते रणगाड्यावर लढले होते, मिलिटरी क्रॉस मिळवला होता. युद्ध काय असतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी विजयाचा जल्लोष केला नाही. ब्रिटिश घरांतल्या दुःखाबरोबर अर्जेंटिनातल्या घरांतल्या दुःखाचीही आठवण काढली, त्यांच्यासाठीही प्रार्थना करायला सांगितली. सत्ताधारी पक्षातल्या काही जणांना ते झोंबलं. चर्चने आपल्या बाजूने बोलायचं सोडून हे काय, असा सूर निघाला.

फॉकलंडची लढाई चर्चने थांबवली नव्हती, थांबवू शकतही नव्हतं. त्या अर्थाने १९१४ पासून काहीच बदललं नाही. पण १९१५ मध्ये त्याच चर्चचा बिशप चांगल्या-वाईटाचा भेद न करता जर्मनांना मारण्याबद्दल बोलला होता. ६७ वर्षांनंतर आर्चबिशप वैऱ्याच्या विधवांसाठी प्रार्थना करत होता, आणि राज्यकर्त्यांना ते रुचणार नाही हे माहीत असताना करत होता. मधल्या काळात रिचमंडच्या कोठड्या, वुडबाइन विली, दहा लाख मुलांचं जेवण, कॉव्हेंट्रीची भिंत आणि बेल यांचं भाषण होतं. ते वळण तिथून आलं.

म्हणून मला वाटतं, युद्धाने चर्चला शांततावादी केलं का, हा प्रश्न विचारू नये. उत्तर नाही असंच येईल. युद्ध सुरू झालं की बहुसंख्य मंडळी आपल्या मुलांच्या मागे उभी राहणार, आणि त्यांचा पाळक त्यांच्या शेजारी. तसं तो उभा राहिला नाही तर तो पाळक कसला? पण त्या शेजारी उभं राहण्यातही दोन प्रकार आहेत. एकात पाळक त्या आईला सांगतो, की पलीकडच्या आईचं दुःख दुःख नाही. दुसऱ्यात तो तिच्या अश्रूंत सामील होतो, आणि पलीकडच्या आईलाही प्रार्थनेत घेतो. चर्चला पहिल्यातून दुसऱ्यात यायला दोन महायुद्धं लागली. आणि पुढच्या युद्धात ते पुन्हा पहिल्या प्रकाराकडे घसरणार नाही, याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

ही गोष्ट फक्त ख्रिस्ती धर्माची आहे असंही समजू नका. प्रत्येक धर्मात शांततेचे श्लोक आहेत आणि प्रत्येक देशात शहिदांची घरं आहेत. दोन्ही समोरासमोर आल्यावर आपल्या मंदिरात, मशिदीत, चर्चमध्ये, विहारात कोणासाठी प्रार्थना होते, एवढं ऐकून बघा. तुम्हाला काय ऐकू आलं, ते आम्हाला जरूर कळवा.

आज इतकंच. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!